तेल जिरलं, आता गुडघा दाबा

साताऱ्यात फिजिओथेरपी करताना हाताखाली येणाऱ्या बहुतेक गुडघ्यांना आधीच कसला तरी वास असतो. निरगुडी, महानारायण, नाहीतर गंधपुरा. "वंगण संपलंय हो ताई, म्हणून तेल मुरवतेय," असं बायका सांगतात. मी कुणाचंही तेल बंद करत नाही. पण तेल सांध्यात उतरून झिजलेली कूर्चा भरून काढत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगते. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की भरून येणं फार अवघड.

मग बरं का वाटतं? चोळल्याने स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूपर्यंत जातात आणि तिथे वेदनेची वाट काही काळ अडवतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली हे मांडलं. उबेने आखडलेली मांडीही सैलावते.

निरगुडीचं तेल आई घरीच करायची. वाटलेल्या पाल्याचा गोळा, त्याच्या चौपट तिळाचं तेल आणि तेलाच्या चौपट पाल्याचा रस, सगळं मंद आचेवर. शेवटी गोळ्यातला कण बोटांत वळून त्याची वात विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, तेल आणखी आटवायचं. ओल राहिलेलं तेल टिकत नाही.

गंधपुऱ्याचं मात्र मला भय वाटतं. ते जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. चमचाभर पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. लावलंच, तर वरून शेक नको, कातडी भाजते. आणि गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल तर कुठलंच तेल न चोळता दवाखाना गाठा.

दुखणं हलकं झालं की बायका लगेच कामाला उठतात, याची मला हळहळ वाटते. तीच वेळ व्यायामाची. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. गुडघ्यावरचा भार तोच पेलतो. पाच आकडे मोजून सोडा. सुरुवातीला दहा वेळा पुरे. श्वास रोखू नका.