आठवण गेली म्हणून माणूस गेला का?

स्मृतिभ्रंशाचा आजार घरात आला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आई आता पूर्वीची राहिलीच नाही." मग नकळत वागणूक बदलते. तिच्याशी बोलणे कमी होते, तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलले जाते. म्हणून विचारले पाहिजे : आठवणींचा धागा तुटला की माणूस संपतो का?

अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांचे उदाहरण पाहा. मिरगीच्या तीव्र झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सफाईने चालू लागला. आपण ती आधी गिरवली आहे, हे मात्र त्यांना आठवत नसे. सौम्य स्वभाव, विनोद, शब्दकोड्यांची आवड पुढेही अनेक वर्षे टिकून होती. २००८ मध्ये ते वारले.

तथागतांनी नित्य आत्मा नाकारला. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात भदन्त नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात : पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नव्हे, पण अगदी वेगळीही नव्हे. निरोगी माणूसही रोज बदलतो. न बदलणारा 'मी' कुणाजवळच नव्हता. मग आजारी माणसाकडूनच तो का मागायचा? वेदना, भीती, मायेचा स्पर्श त्याला आजही कळतो. मैत्री आणि करुणेला तेवढे पुरेसे आहे.

घरच्यांनी काय करावे?

• विसराळूपणा वाढला तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईडचा विकार, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही तो वाढतो आणि उपचाराने फरक पडू शकतो. अचानक गोंधळ उडाला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

• "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी तुझी लेक" असे आपणच सांगा.

• बुद्धवंदना, ओवी, भाजी निवडणे अशी जुनी सवयीची कामे सोबत करा. ती बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात.

• मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ व्यक्ती मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवू शकते. भान शाबूत असतानाच याविषयी घरात बोला.