विजय गोखले : चीन अभ्यासण्यात गेलेली चार दशकं

दक्षिण कोरियात राजनयिकाने परराष्ट्रमंत्री होणं नवलाचं नाही. बान की-मून यांची पहिली परदेशी नेमणूक १९७२ मध्ये आपल्या दिल्लीत झाली आणि २००४ मध्ये ते त्या पदावर बसले. आपल्याकडे ते पद बहुधा राजकारण्यांचंच. यशवंतराव चव्हाण १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेही राजकारणातूनच. सेवेतल्या माणसाची चढण सहसा परराष्ट्र सचिवपदाशी थांबते. पुण्यात जन्मलेले विजय गोखले तिथवर पोहोचले.

१९८१ च्या तुकडीचे गोखले चिनी भाषा शिकले आणि ती त्यांनी सोडली नाही. हाँगकाँग, हनोई, न्यूयॉर्क अशा नेमणुका झाल्या, पण खरा धडा मिळाला बीजिंगला. १९८९ मध्ये तियानआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं गेलं तेव्हा ते तिथल्या दूतावासात होते. पुढे तैपेईत भारताचं कार्यालय सांभाळल्यामुळे चीनकडे बाहेरूनही पाहता आलं. मलेशिया आणि जर्मनीनंतर २०१६ मध्ये ते राजदूत म्हणून बीजिंगला परतले. दुसऱ्याच वर्षी डोकलाममध्ये दोन्ही सैन्यं ७३ दिवस समोरासमोर उभी राहिली आणि गोळी न सुटता पेच निवळला. अशा वेळी समोरच्याची भाषा आणि स्वभाव जाणणारा माणूस जागेवर असणं हे देशाचं भाग्य, असं मला मनापासून वाटतं.

जानेवारी २०१८ मध्ये ते सचिव झाले. २६ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी पाकिस्तानातल्या बालाकोटवरील हवाई कारवाईची माहिती जगाला दिली ती त्यांनीच, मोजक्या शब्दांत. त्याच वर्षी १ मे रोजी ‘जैश-ए-मोहम्मद’चा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत आलं. चीनने दहा वर्षं अडवून धरलेली ही मागणी होती. त्याच महिन्याअखेर गोखले यांचे सचिवपदावरचे पूर्वसुरी एस. जयशंकर परराष्ट्रमंत्री झाले.

जानेवारी २०२० मध्ये गोखले निवृत्त झाले आणि लिहू लागले. ‘द लाँग गेम’मध्ये त्यांनी सहा प्रकरणांतून चीनची वाटाघाटींची रीत उलगडली आहे. आपली तयारी कुठे कमी पडली, हेही ते सांगतात. या पुस्तकाचं मोल मला त्यातच दिसतं.

आमच्या जबलपूरच्या मराठी घरांतून माणसं तोफांच्या कारखान्यात गेली, रेल्वेत गेली, शिक्षक झाली. परराष्ट्र सेवेचं नाव मात्र क्वचितच निघतं. घरात कुणी इतिहासात किंवा भाषांत रमणारं असेल, तर त्याच्या हाती हे पुस्तक जरूर द्या.