आधी अर्थ, मग आवाज

आमच्या घरी एक मोटार आहे. 'आहे' म्हणताना मला थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या गल्लीतल्या मुलांच्या मते ती 'होती' म्हणण्याच्या योग्यतेची झाली आहे. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. रंग मूळचा पिस्ता, आता त्याला नाव देणे कठीण. गिअरचा दांडा सुकाणूपाशी, इंजिन १०८९ सीसीचे, आणि स्वभाव आमच्या घराण्याचा : सकाळी लवकर सुरू व्हायचे नाही, पण एकदा सुरू झाले की थांबायचे नाही.

ती घेतली आमच्या नानांनी. नाना सोलापूरच्या कोर्टात वकिली करीत. त्या काळी गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. नंबर लागला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गाडी दाराशी आली आणि नानांनी नारळ फोडण्याआधी एक छोटे भाषण केले. ते म्हणाले, "ही गाडी आपल्या गावच्या माणसाची आहे, बरे का!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९६४ पासून तिथे फियाट कंपनीच्या नमुन्यावरची 'डिलाइट' बनू लागली आणि १९७४ साली तिचेच बारसे 'पद्मिनी' या नावाने झाले. शेठजी मात्र १९५३ सालीच निवर्तले होते. पद्मिनी काही त्यांनी पाहिली नाही. सोलापूरकरांनी हे बारसे फारसे मनावर घेतले नाही. आमच्याकडे ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

या फियाटमध्ये एक रेडिओ होता. मोटारीत रेडिओ बसवण्याची हौस तशी जुनी. अमेरिकेत गॅल्विन नावाच्या बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले 'मोटोरोला'. 'मोटार' या शब्दाला त्या काळच्या ध्वनियंत्रांच्या नावांत आढळणारे 'ओला' हे शेपूट त्यांनी लावले. भाषेचा प्राध्यापक म्हणून मला या शेपटाचे फार कौतुक. आमचा रेडिओ मोटोरोलाचा नव्हता, पण घाट तोच : मध्ये काचेची पट्टी, डावीकडे एक गुंडी, उजवीकडे एक गुंडी. डावी फिरवली की 'टक्' असा आवाज होऊन रेडिओ लागे आणि तशीच पुढे फिरवली की आवाज वाढे. उजवीने स्टेशन बदले. गाडी चालवायची नानांनी आणि रेडिओ चालवायचा आईने, अशी त्या संसारात वाटणी होती. पंढरपूर असो की पुणे, आईचा उजवा हात त्या गुंडीवर. घाट आला की आवाज कमी, सरळ रस्ता आला की जास्त, आणि नानांनी एखाद्या अशिलाची कथा सुरू केली की 'टक्'.

नाना जाऊन आता आठ वर्षे झाली. गाडी राहिली, आई राहिली आणि रेडिओही राहिला. पण रेडिओतून आता खरखरीशिवाय काही निघेना. तो होता मध्यम लहरींचा. ते आवाज आता विरळ झाले आहेत. जे आहेत त्यांना शहरातले एलईडी दिवे आणि नाना तऱ्हेचे चार्जर आपल्या खरखरीने गिळून टाकतात. आईला ऐकायचे असते आकाशवाणीचे सोलापूर केंद्र, आणि ते घरी लागते एफएमवर. त्या लहरी आमच्या जुन्या सेटाला ठाऊकच नाहीत. तरी अक्कलकोटला जाताना आई सवयीने गुंडी फिरवी, दोन मिनिटे खरखर ऐके आणि काही न बोलता 'टक्' करून बंद करी.

हे मला पाहवेना. गेल्या श्रावणात मी ठरवले की गाडीत नवा स्टिरिओ बसवायचा. आमच्या सौभाग्यवतीचे म्हणणे, "त्यापेक्षा गाडीच बदला की!" चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. ते म्हणाले, "बाबा, टचस्क्रीन घ्या. चार चॅनेल, प्रत्येकी पन्नास वॅट." मला वॅटमधले काही कळत नाही. पण दोनशे हा आकडा मोठा वाटला आणि खोक्यावर तो सोनेरी अक्षरांत छापलेला होता.

एका दुकानात तासाभरात काम झाले. मी तिथे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा दोष एकट्या दुकानदाराचा म्हणता येणार नाही. माझा एवढाच आग्रह होता की जुना रेडिओ काढू नका, डॅशबोर्ड कापू नका. म्हणून त्यांनी खाली एक पेटी लटकवून तीत तो पडदा बसवला. पडदा उजळला आणि त्यावर फुले उमलली. मी आईला बोलावले. आईने चष्मा लावला, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "फिरवायचे कुठे?"

"फिरवायचे नाही, आई. नुसते बोट लावायचे."

तिने बोट लावले. चित्र बदलले, पण आवाज वाढला नाही. पुन्हा लावले, तर भलतीच भाषा आली. चिरंजीवांनी, "आजी, थांब, मी लावून देतो," म्हणून तिचे बोट हळूच बाजूला केले. त्या दिवसापासून आईने त्या पडद्याला हात लावला नाही. आम्ही लावून देऊ ते ती ऐके. चाळीस मैल गाडीतला आवाज जिच्या हातात असे, तिला आता आवाज कमी करायलाही नातवाला सांगावे लागत होते. हे माझ्या लक्षात आले, पण उशिरा.

त्याआधी निराळेच झाले. श्रावणातल्याच एका मंगळवारी आम्ही तुळजापूरला निघालो होतो. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. तामलवाडी मागे पडली आणि मला कसलासा वास आला. आधी वाटले, बाहेर कोणी टायर जाळत असेल. तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "अरे, माझ्या पायाशी धूर येतोय."

गाडी कडेला कशी घेतली हे मला आजही आठवत नाही. आईला उतरवले, टोपण उघडले आणि पान्याने बॅटरीची तार सोडवली. हात थरथरत होते. बॅटरीपासून त्या पेटीपर्यंत एक बारीक लाल तार नेलेली होती. पत्र्याच्या भोकातून जाताना तिचे आवरण घासून निघाले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. मध्ये फ्यूज नव्हताच. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली आई पिशवी पोटाशी धरून उभी होती. ती एवढेच म्हणाली, "नानांची गाडी वाचली ना?" आणि नंतर, "मी आपली एसटीने जाईन."

आणि खरेच, पुढे दोन महिने ती गाडीत बसली नाही. अक्कलकोटला एसटीने गेली, डॉक्टरकडे रिक्षाने. ती रागावली नव्हती; रागावली असती तर बरे झाले असते. तिचा विश्वास उडाला होता, आणि गाडीवरचा नव्हे, माझ्यावरचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला मी आगीशेजारी बसवून नेत होतो आणि पंचेचाळीस किलोमीटर दोनशे वॅटांचे कौतुक सांगत होतो.

अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांच्या खडखडाटात एका मिस्त्रींचे छोटे दुकान आहे, असे कॉलेजातल्या आमच्या शिपायाने सांगितले. घरची भाषा तेलुगू, बोलणे सोलापुरी, वय सत्तरीच्या घरात. त्यांनी टोपणाखाली डोके घातले, बराच वेळ काढले नाही आणि मग म्हणाले, "सर, वॅट मागनं बघू. तुमच्या गाडीला अर्थच बरोबर नाही."

वीस वर्षे मी मुलांना हेच सांगत आलो आहे! शब्द मोठे, पण अर्थ बरोबर नाही. मिस्त्रींचा 'अर्थ' मात्र निराळा, तो जमिनीचा. मोटारीत विजेचा एकच मार्ग तारेतून जातो. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. तारेचे टोक रंगावर किंवा गंजावर आवळले, तर परतीची वाट अडते आणि आवाजात घरघर मिसळते. मिस्त्रींनी एका जागचा रंग कागदाने घासून पत्रा चकचकीत केला, तिथे जाड काळी तार आवळली आणि वरून ग्रीस लावले. मग मला समोर स्टुलावर बसवून त्यांनी जी शिकवणी दिली, ती जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठी इथे देतो.

पहिली गोष्ट, फ्यूज. बॅटरीतून थेट तार घेतली तर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो यंत्राच्या रक्षणासाठी नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. साधी मोटारीची बॅटरीदेखील स्टार्टर फिरवण्यासाठी शंभरावर अँपिअर सहज देते. तेवढा प्रवाह बारीक तारेतून गेला की ती शेगडीच्या तारेसारखी लाल होते. पत्र्यातून तार न्यायची तर भोकाला रबरी कडे हवे.

दुसरी गोष्ट, वॅट. खोक्यावरचा आकडा बहुधा क्षणभराच्या उसळीचा असतो. बारा व्होल्टांवर चार ओहमच्या स्पीकरला असा सेट सतत देतो ते पंधरा-वीस वॅट. आणि तेवढे पुरतात. कारण कानाचा हिशेब निराळा आहे : वॅट दुप्पट केले तर फरक जेमतेम जाणवतो, आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. त्यातून आमच्या गाडीला डायनॅमो. इंजिन हळू चालत असताना तो फारशी वीज देत नाही. दिवे लावून, दांडगा ॲम्प्लिफायर वाजवत सात रस्त्यावर सिग्नलला उभे राहिले, तर सगळे खाणे बॅटरीचे.

तिसरी गोष्ट, खरखर. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी डायनॅमोची, आणि वेगाबरोबर वाढणारी टकटक ठिणगीची. पहिलीला कंडेन्सर आणि चांगला अर्थ, दुसरीला प्लगच्या तारांवर सप्रेसर.

चौथी गोष्ट, स्पीकर. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या, तर एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येतो आणि तबल्याचा बायाँ नाहीसा होतो. बिघाड काहीच नसतो, पण गाणे पोकळ वाटते. मागच्या काचेखालच्या फळीवर स्पीकर बसवायचे तर पातळ पत्र्यावर नव्हे, जाड प्लायवुडवर.

"आणि पाचवी?" मी विचारले.

"पाचवी म्हणजे दाराचं रबर बदला, सर. निम्मा गोंगाट बाहेरचाच आहे. तो आत आला तर वॅट काय करणार?"

मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. पडदा, बोट, एसटी, सगळे. मिस्त्रींनी जुना रेडिओ बाहेर काढला, त्याची डावी गुंडी दोनदा 'टक् टक्' केली आणि म्हणाले, "हे जिवंत आहे. ठेवा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो तो रेडिओ जागच्या जागी होता. तीच काच, त्याच गुंड्या. पोटात मात्र सगळे नवे : एफएमचा एक छोटा संच, फोनवरची गाणी बिनतारी घेणारी एक चकती आणि काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ॲम्प्लिफायर. डावी गुंडी पूर्वीसारखी लावण्या-बंद करण्याची आणि आवाजाची, उजवी स्टेशनची. फक्त काचेवरचे आकडे जुन्या मध्यम लहरींचे होते, त्यांचा आता काही उपयोग नव्हता. ती अडचण माझ्या धाकट्या मुलीने सोडवली. सोलापूर केंद्र जिथे लागते, तिथे तिने काचेवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. आमचा मुंबईकर मेहुणा हे ऐकून म्हणाला, "आमच्याकडे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून गेल्या, आणि तुम्ही तिचा शृंगार करताय!"

आता आईला गाडीत बसवायचे राहिले होते. मी तिला टोपणाखाली नेले आणि फ्यूज दाखवला. तो काढला की रेडिओ बंद पडतो, घातला की लागतो, हे दोनदा करून दाखवले. रबरी कडे दाखवले. आईने चष्मा लावून सगळे पाहिले आणि विचारले, "ही तार कुठे घासत नाही ना?" मी म्हटले, "तूच हात लावून बघ." तिने खरेच बोट फिरवून पाहिले. मग पदराला हात पुसून म्हणाली, "गुरुवारी अक्कलकोटला निघू."

गुरुवारी पहाटे निघालो. सिद्धेश्वराच्या तलावावरून गार वारा येत होता. गावाबाहेर पडेपर्यंत आई हात मांडीवर ठेवून बसली होती. मीही काही बोललो नाही. हमरस्ता लागला तसा तिचा उजवा हात हळूच पुढे गेला. 'टक्'. मग तिने दुसरी गुंडी लाल ठिपक्यापर्यंत आणली, आणि आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरचे सकाळचे भजन गाडीभर पसरले. खरखर नाही, शिट्टी नाही. मागून चिरंजीव म्हणाले, "आजी, अजून वाढव ना!" तिने वाढवला.

वळसंगच्या अलीकडे मला राहवेना. मी म्हटले, "आई, त्या दिवशी तामलवाडीजवळ मी जे..."

भजनात माझे शब्द बुडाले. आईने माझ्याकडे पाहिले, हात पुढे केला आणि गुंडी डावीकडे फिरवून आवाज अगदी बारीक केला.

"हं," ती म्हणाली, "आता बोल. काय म्हणत होतास?"