मेलेल्यांचे पाय
धडगावचा घाट उतरून शहाद्याच्या पुढे गेलं की तापीकाठी प्रकाशे लागतं. १९५५ मध्ये तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. त्या काळी मृतांना कसं पुरत, हे मात्र नीट उमगलं ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावात.

पुरायचं राहत्या घराच्याच जमिनीखाली, डोकं उत्तरेला, जोडीला मडकी. तान्हं मूल असलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले! मेलेल्यानं भूत होऊन उठून जाऊ नये म्हणून, असा पुरातत्त्वज्ञांचा कयास.

इजिप्तची रीत नेमकी उलटी. तिथं मृताला चालायचंच होतं. वाटेत त्याचं हृदय पिसाशी तोललं जाई, मग मृतांचा देव ओसायरिस याचं राज्य. म्हणून तर तिथल्या तुतनखामेन राजाच्या ममीच्या पायांत सोन्याच्या चपला होत्या, आणि तिकडे राबायला ४१३ बाहुल्या. (राजालाही तिथं शेती चुकत नसे!)

इनामगावात एक अपवाद आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष. त्याचे पाय शाबूत. गावचा प्रमुख असावा. त्याच्या पायांना हात लावायला बहुधा कुणी धजावलं नसेल.