कंपनीत घाम गाळला, आता व्यायाम कशाला?

दिवसभर पोती वाहणाऱ्या हेल्परला ‘रोज अर्धा तास चालत जा’ असं सांगून पाहा. ‘आमची जिम कंपनीतच आहे,’ असं उत्तर येईल. या समजाला पाया आहे. लंडनच्या बसकर्मचाऱ्यांची जेरी मॉरिस यांनी केलेली पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार बराच कमी होता. (पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंबरेने जाड असल्याचं दिसलं. ते फारसं कुणी सांगत नाही.)

पण जिने चढणं वेगळं आणि आठ तास ओझी उचलणं वेगळं. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत (२०२१) फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी आढळला. कामावर अतिशय जड कष्ट करणाऱ्यांना मात्र बैठं काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त. धूम्रपान, उत्पन्न वगैरे हिशेबात धरूनही हा फरक उरला. अभ्यासकांना त्याचं कारण असं वाटतं: व्यायामात धाप लागते, मग माणूस थांबतो, विसावतो. वजन धरून ठेवताना रक्तदाब चढतो आणि पाळी संपेपर्यंत नाडीला उसंत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘टेन्शन साहेबाला, आपल्याला काय?’ हेही तितकंच चुकीचं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या विचारानुसार सगळ्यात जास्त ताण पडतो तो कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार शून्य असलेल्या माणसावर. पट्ट्याचा वेग दुसऱ्याने ठरवायचा, लघवीला जायचं तरी बदली माणूस यायची वाट पाहायची! साहेब निदान मीटिंग पुढे ढकलू शकतो. ओटीचं, म्हणजे ओव्हरटाइमचंही, तसंच. पगार वाढतो म्हणून ती हवीशी वाटते. पण आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१चा अंदाज आहे.

रात्रपाळीबद्दल मात्र ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘सवय होते हो! आमचे काका पंचवीस वर्षं तिसऱ्या पाळीला होते, ठणठणीत आहेत.’ स्वीडनमधल्या एका कागद कारखान्यातल्या कामगारांची १५ वर्षं नोंद ठेवली गेली. ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. पाळ्यांची वर्षं वाढत गेली तसा हृदयविकाराचा धोकाही वाढत गेला, साधारण वीस वर्षांपर्यंत. त्यापुढच्यांत तो एकदम घसरलेला दिसला. काकांचा मुद्दा खरा ठरला म्हणावं, तर ज्यांना पाळ्या झेपल्या नाहीत ते तोवर दिवसपाळीला गेलेले असतात किंवा काम सोडून घरी बसलेले. काका तेवढे मोजायला उरतात.