बंद पडलेल्या यंत्रणेची स्मृती वाचताना : आयपीसीएसची एक्झिट रुटीन

आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालणाऱ्या झेड/ओएस या कार्यप्रणालीत गंभीर बिघाड झाला, की त्या क्षणी स्मृतीत असलेला मजकूर जसाच्या तसा डेटासेटमध्ये उतरवून घेतला जातो. हाच डंप. बिघाड एखाद्या घटकापुरता असेल, तर यंत्रणा चालू असतानाच एसव्हीसी डंप घेतला जातो. सगळेच ठप्प झाले असेल, तर ऑपरेटर स्टँडअलोन डंपचा स्वतंत्र प्रोग्राम लोड करतो. डंपची प्रत्येक नोंद 4,160 बाइटांची असते. त्यांपैकी 4,096 बाइट म्हणजे स्मृतीचे एक पान आणि उरलेले 64 बाइट म्हणजे ते पान कुठले, हे सांगणारा मथळा. मोठ्या डंपमध्ये अशा लाखो नोंदी असू शकतात.

एमव्हीएस ही कार्यप्रणाली 1974 मध्ये आली आणि तिचाच वारस असलेली झेड/ओएस 2001 मध्ये. एमव्हीएसच्या काळात एएमडीपीआरडीएमपी नावाचा प्रोग्राम डंप कागदावर छापून देई. पुढे हे काम आयपीसीएस या साधनाकडे आले. आयपीसीएस टीएसओ या संवादी वातावरणाखाली चालते, पडद्यावर किंवा बॅच जॉबमधून वापरता येते आणि कार्यप्रणालीचे कंट्रोल ब्लॉक ओळखून त्यांची रीतसर मांडणी करते. मात्र एखाद्या बँकेने किंवा सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःच्या प्रणालीसाठी स्मृतीत जी कोष्टके उभी केली आहेत, त्यांची त्याला कल्पना नसते. ती फक्त हेक्स आकड्यांच्या ओळी म्हणून दिसतात. त्यांचा अर्थ लावणारा आणि आयपीसीएसने बोलावल्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे एक्झिट रुटीन.

एक्झिटचे प्रकार ती केव्हा बोलावली जाते यावरून ठरतात. एएससीबी एक्झिट प्रत्येक ॲड्रेस स्पेसमागे चालते, टीसीबी एक्झिट प्रत्येक टास्कमागे. ॲनालाइझ एक्झिट कोण कोणत्या संसाधनासाठी अडून बसले आहे, याची माहिती पुरवते. स्कॅन एक्झिट एखादा ब्लॉक खरोखर त्याच जातीचा आहे का, हे पडताळते. सर्वांत जास्त वापर व्हर्ब एक्झिटचा होतो. ‘व्हर्बएक्स’ या कमांडपुढे तिचे नाव टाइप केले, की ती चालते. लॉगरेक या त्रुटींच्या नोंदवहीतल्या नोंदी दाखवणारी ‘लॉगडेटा’ आणि कन्सोलवरचे अलीकडचे संदेश दाखवणारी ‘एमट्रेस’ या याच जातीच्या. सीआयसीएस आणि डीबी2 या आयबीएमच्या उत्पादनांच्याही स्वतःच्या व्हर्ब एक्झिट आहेत.

नवी एक्झिट कायमची जोडायची, तर पार्मलिब या यंत्रणेच्या मांडणीच्या लायब्ररीत तिची नोंद करतात. आयबीएमच्या नोंदी बीएलएससीईसीटी या मेंबरमध्ये असतात आणि स्थानिक नोंदींसाठी बीएलएससीयूएसईआर राखून ठेवलेला असतो. चाचणीपुरते एवढेही करावे लागत नाही. आयपीसीएस सुरू करताना टास्कलिब म्हणून आपली लायब्ररी द्यावी आणि व्हर्बएक्सपुढे थेट प्रोग्रामचे नाव लिहावे.

एक्झिट सहसा असेंब्लरमध्ये लिहितात. ती सुरू होते तेव्हा रजिस्टर 1 मध्ये एका पॅरामीटर यादीचा पत्ता असतो. या यादीची रचना बीएलएसएबीडीपीएल या मॅक्रोने मिळते. स्मृती वाचणे, ओळ छापणे, ब्लॉकची मांडणी करणे या सेवांचा मार्गही याच यादीतून जातो. त्यांतली स्मृती वाचण्याची सेवा हा एक्झिटचा कणा आहे आणि नवशिक्याचा घोटाळाही तिथेच होतो.

समजा, स्वतःच्या कोष्टकाचा पत्ता कार्यप्रणालीच्या सीव्हीटी या मुख्य कंट्रोल ब्लॉकमधल्या सीव्हीटीयूझर या जागेत ठेवलेला आहे. सीव्हीटीचा पत्ता स्मृतीत हेक्स 10 वर असतो आणि सीव्हीटीपासून हेक्स सीसी अंतरावर सीव्हीटीयूझर. साध्या प्रोग्राममध्ये दोन लोड सूचनांत काम होते. एक्झिटमध्ये त्याच दोन सूचना लिहिल्या, तर त्या डंपमधले काहीच वाचत नाहीत. एक्झिट चालते ती विश्लेषकाच्या स्वतःच्या ॲड्रेस स्पेसमध्ये आणि हेक्स 10 वर तिथेही सीव्हीटी असतोच, पण तो आत्ता चालू असलेल्या यंत्रणेचा. प्रोग्राम आपटत नाही, इशारा देत नाही. रात्री बंद पडलेल्या यंत्रणेच्या नावाखाली तो सकाळच्या धडधाकट यंत्रणेचे कोष्टक नीटनेटके छापतो. चाचणीच्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर उत्पादन चालू असेल, तर ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून प्रत्येक पायरीला सेवेकडेच जावे लागते. कोणत्या ॲड्रेस स्पेसमधला कोणता पत्ता हवा ते सांगायचे, सेवेने त्या मजकुराची प्रत बफरमध्ये आणून दिली की त्यातून पुढचा पत्ता उचलायचा आणि पुन्हा विचारायचे. हा बफर पुढच्या मागणीला बदलू शकतो, म्हणून हवे ते आधी स्वतःच्या जागेत उतरवून घ्यावे लागते.

एवढे जमले, तरी डंप धड असेल याची खात्री नसते. एसव्हीसी डंपमध्ये सगळी स्मृती नसते, त्यामुळे मागितलेले पान मिळेलच असे नाही. सेवा तसे रिटर्न कोडमधून कळवते. तो न तपासणारी एक्झिट बफरमधला शिळा मजकूर नवा म्हणून छापते. दुसरी अडचण साखळ्यांची. एका ब्लॉकमधून पुढच्याचा पत्ता घेत जाताना बिघाडाने पॉइंटर बिघडलेला असेल, तर साखळी स्वतःवरच उलटू शकते आणि प्रोग्राम फिरत राहतो. आयपीसीएसची स्वतःची ‘रनचेन’ कमांड मुळातच 999 ब्लॉकांनंतर थांबते. एक्झिटलाही अशी मर्यादा हवी. प्रत्येक ब्लॉकची ओळखही पटवून घ्यावी लागते. ॲड्रेस स्पेसचे वर्णन करणाऱ्या एएससीबी या ब्लॉकचे पहिले चार बाइट हेक्समध्ये सी1 ई2 सी3 सी2, म्हणजे ईबीसीडीआयसी या अक्षरसंकेतात ‘एएससीबी’, असे असतात. ते जुळले नाहीत, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

तिसरी अडचण आवृत्तीची. उत्पादनाच्या नव्या आवृत्तीत कोष्टकात एखादा रकाना वाढला, की त्यापुढचे सगळे सरकते आणि जुनी एक्झिट चुकीच्या जागी बरोबर नावे लावते. सीआयसीएसने यावर सरळ तोडगा काढला आहे. त्याच्या एक्झिटच्या नावात ‘डीएफएचपीडी’नंतर आवृत्तीचे आकडे असतात आणि डंप ज्या आवृत्तीचा, तीच एक्झिट चालवायची असते.

यामुळे प्रत्येक कामाला एक्झिट लिहिणे शहाणपणाचे नाही. दोन-चार पत्ते पाहून उत्तर मिळत असेल, तर आयपीसीएसच्या कमांडी वापरणारा, रेक्स भाषेतला एक्झेक पुरतो. ब्लॉकची नुसती मांडणीच हवी असेल, तर बीएलएसक्यूएमडीईएफ मॅक्रोने त्याचा नमुना बांधता येतो. कोष्टके गुंतागुंतीची असतील आणि डंप वारंवार येत असतील, तेव्हाच एक्झिटचा खर्च निघतो. तेव्हाही ती उत्पादनाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर नव्याने असेंबल करावी आणि मुद्दाम बिघडवलेल्या डंपवर चालवून पाहावी. न मिळालेल्या पानाच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असे छापणारी एक्झिटच वापरण्याजोगी आहे.