डिझेल पिकअपमधील एक्झॉस्ट बदल

डिझेल पिकअपमधील एक्झॉस्ट बदल म्हणजे डिझेल इंजिनावर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या धूर वाहून नेणाऱ्या नळ्या, सायलेन्सर किंवा धूर शुद्ध करणारी उपकरणे यांत वाहन विकले गेल्यानंतर केलेले फेरफार होत. शक्ती वाढवणे, जड ट्रेलर ओढताना इंजिनाचे तापमान आटोक्यात ठेवणे आणि आवाज बदलणे हे त्यांमागील नेहमीचे हेतू आहेत. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजलेली आहे. तेथे गुरांचे व घोड्यांचे ट्रेलर, नौका, फिरती घरे आणि बांधकामाची यंत्रे ओढण्यासाठी मोठे डिझेल पिकअप वापरले जातात.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनाची शक्ती सिलिंडरात फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या प्रमाणावर ठरते. जास्त इंधन पूर्णपणे जाळायचे असल्यास जास्त हवा लागते आणि ती टर्बोचार्जर पुरवतो. सिलिंडरांतून बाहेर पडणारा उष्ण वायू टर्बाइनचे चाक फिरवतो; त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात पाठवते. टर्बाइनला वायूपासून किती कार्य मिळेल, हे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे टर्बाइननंतरच्या नळीतील अडथळा कमी झाल्यास टर्बाइन लवकर वेग घेते आणि धूर बाहेर ढकलण्यासाठी दट्ट्यांना करावे लागणारे काम थोडे घटते.

इंजिनाला धुराचा काही उलट दाब आवश्यकच असतो, असा एक समज आहे. तो टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांवरून आलेला आहे. तेथे नळीची लांबी व व्यास यांचा दाबलहरींशी मेळ घातला जातो आणि खरा उपयोग या लहरींचा असतो, दाबाचा नव्हे. टर्बो डिझेलमध्ये टर्बाइन या लहरी बऱ्याच अंशी मोडून टाकते. म्हणून इंजिन जोर लावत असताना टर्बाइननंतरचा दाब जितका कमी, तितके चांगले.

नळीचा व्यास ३ इंचांवरून ४ इंच केल्यास तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ टक्क्यांनी वाढते. तथापि, प्रवाहावर सर्वाधिक मर्यादा मार्गातील सर्वांत अरुंद जागेची पडते आणि ती बहुधा टर्बाइनच्या तोंडाशी असलेल्या वाकड्या नळीत किंवा शुद्धीकरणाच्या उपकरणांत असते. केवळ शेपटाकडची नळी रुंद केल्याने आवाज मोठा होतो. मोठ्या आवाजाला चालक पुष्कळदा शक्ती समजतो.

शक्तीवरील परिणाम

परिणाम वाहनाच्या काळानुसार बदलतो. डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ च्या मॉडेलपासून आलेले ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट (सुमारे ५४२ न्यूटन-मीटर) टॉर्क देई. त्याचे इंधन यांत्रिक पंपाने ठरत असे. अशा इंजिनात नुसती नळी बदलल्याने लाभ थोडाच होतो. पंपातून इंधन वाढवल्यानंतर मात्र मूळची अरुंद नळी अडसर ठरू लागते.

नंतरच्या इंजिनांत टर्बाइनभोवतीची पाती संगणकाच्या आज्ञेने उघडतात व मिटतात. संगणक हवेचा एक ठरावीक दाब साधू पाहतो. पुढचा अडथळा कमी झाल्यास तो पाती थोडी अधिक उघडतो आणि हवेचा दाब पूर्वीइतकाच ठेवतो. म्हणजे वाढीव शक्ती आपोआप मिळत नाही. जाहिरातींत सांगितली जाणारी मोठी वाढ बहुतेक वेळा नळीसोबत बदललेल्या संगणक-आज्ञावलीतून, म्हणजे वाढीव इंधनातून आलेली असते.

ट्रेलर ओढण्यावरील परिणाम

रिकामे वाहन पूर्ण जोर काही सेकंदच लावते. ट्रेलरसह लांब घाट चढताना तोच जोर कित्येक मिनिटे लागतो आणि तेव्हा खरी मर्यादा उष्णतेची असते. टर्बाइनपूर्वीच्या वायूचे तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसपलीकडे दीर्घकाळ राहू नये, असा चालकांमधील प्रचलित दंडक आहे. त्यापुढे ॲल्युमिनियमचे दट्ट्ये आणि टर्बाइन यांना धोका संभवतो. तेवढ्याच इंधनाला जास्त हवा मिळाली तर हे तापमान उतरते. मोकळ्या एक्झॉस्टचा ओढण्याच्या कामातील खरा लाभ हाच आहे. मात्र सोबत इंधनही वाढवल्यास नळीने कमावलेली सवलत संपते आणि तापमान मूळच्यापेक्षा वर जाऊ शकते. रिकामा असताना चपळ वाटणारा ट्रक अशा वेळी घाटात मूळ ट्रकपेक्षा लवकर माघार घेतो.

उतारावर गरज उलट होते. एक्झॉस्ट ब्रेक वायूचा मार्ग मुद्दाम आवळून इंजिनाला रोधक बनवतो, त्यामुळे चाकांचे ब्रेक तापत नाहीत. अनेक ट्रकांत हे काम टर्बोची हलती पातीच करतात. अधिक शक्तीसाठी तेथे स्थिर पात्यांचा टर्बो बसवल्यास, स्वतंत्र झडप न जोडता, हा ब्रेक नाहीसा होतो.

वाहनाची अधिकृत ओढक्षमता एक्झॉस्ट बदलल्याने वाढत नाही. अमेरिकेत ती ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएई जे२८०७ या मानकात ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, किमान ३८ अंश सेल्सिअसच्या उन्हात वातानुकूलन चालू ठेवून चढण्याची कसोटी आहे. शीतन, ब्रेक, सांगाडा, आस आणि जोडणीचा आकडा या सर्वांचा त्या आकड्यात वाटा असतो.

उत्सर्जन नियंत्रण आणि कायदा

अमेरिकेत २००७ पासून लागू झालेल्या कडक मर्यादांमुळे पिकअपमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली. पुढे नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी युरिया द्रावणाची प्रणालीही आली. गाळणीत साठलेली काजळी ठरावीक काळाने सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळावी लागते. त्यासाठी जादा इंधन खर्च होते आणि दुरुस्ती महाग पडते, म्हणून अनेक मालकांनी ही उपकरणे काढून टाकली. ट्रेलर ओढणाऱ्यांच्या बाबतीत ही तक्रार काहीशी दुबळी आहे: सतत भार असताना वायू पुरेसा तापतो आणि बरीच काजळी आपोआप जळते. गाळणी तुंबण्याची अडचण थोड्या अंतराच्या, कमी भाराच्या फेऱ्यांत अधिक येते.

अशी उपकरणे काढणे किंवा निष्प्रभ करणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने निषिद्ध आहे. गाळणीनंतरची नळी बदलण्यास सहसा हरकत नसते, पण तिच्याने शक्तीत फरक जवळजवळ पडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार त्याआधीच्या सुमारे दशकभरात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधून नियंत्रण उपकरणे काढली गेली. या वाहनांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड आणि सुमारे ५,००० टन जादा सूक्ष्मकण हवेत जातील, असा त्यात अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही.